पाठमोरा गोल

भोंग्याला हे नाव कुणी ठेवलं यावर वाद आहेत. का ठेवलं यावर नाहीत. त्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. या धंद्यात एक जण इमारतीच्या डोक्यावर मोटरच्या खोलीत असतो, दुसरा तळाच्या खड्ड्यात उकिडवा बसलेला असतो, आणि दोघांच्या मधे दहा मजल्यांची काळीकुट्ट विहीर. तिथे मोबाइलला रेंज नसते. वरच्याने मोटर चालू करायच्या आधी ओरडून सांगायचं, खालच्याने हातपाय आवरून ओरडून उत्तर द्यायचं, आणि उत्तर आल्याशिवाय वरच्याने बटणाला बोट लावायचं नाही, असा या कामाचा दंडक. भोंगा तरुणपणापासून खड्ड्यातला. आवाज खालून वर फेकायची त्याला अशी काही सवय लागली, की घरी जेवताना मीठ मागितलं तर शेजारचे घेऊन यायचे.

वर मोटरच्या खोलीत असतो तो ब्रेक. कामातला जोडीदार. कुठल्याही गोष्टीला आधी "थांब जरा" म्हणणारा, म्हणून ब्रेक. "भोंग्या ओरडला की आधी विहिरीतल्या पाली पडतात, मग मला ऐकू येतं," असं तो लोकांना अभिमानाने सांगतो.

असला गळा फुटबॉल क्लबच्या लोकांच्या नजरेतून सुटणार कसा? गावाचा क्लब जांभळ्या शर्टाचा. मैदानाच्या एका अंगाला छप्पर नसलेल्या सिमेंटच्या पायऱ्या आहेत, तिथे क्लबची अस्सल माणसं उभी राहतात. ऊन असो, पाऊस असो, क्लब हरो, नाहीतर जास्त हरो. या पायरीवाल्यांनी वीसेक वर्षांपूर्वी भोंग्याला उचलून खालच्या बुटक्या भिंतीवर उभं केलं आणि सांगितलं, आता तू ओरड, तुझ्यामागून आम्ही. तेव्हापासून तो त्या भिंतीवर आहे. तोंड पायऱ्यांकडे, पाठ मैदानाकडे. पुढाऱ्याने लोकांकडे बघायचं असतं.

आता याचा एक परिणाम असा झाला, की क्लबच्या या सर्वांत कट्टर माणसाने वीस वर्षांत एकही गोल पाहिलेला नव्हता. गोल झाल्याचं त्याला कळायचं, पण ते समोरच्या तोंडांवरून. ब्रेकच्या भुवया वर गेल्या की कॉर्नर. दुसऱ्या पायरीवरच्या बेकरीवाल्याने सँडविच खाली ठेवलं की पेनल्टी. आणि अख्ख्या रांगेने एकदम कपाळावर हात मारला, की समजायचं, खांबाच्या पायात बॉल आला. घरी टीव्हीवर तोच गोल पुन्हा दाखवायचे, पण भोंगा बघायचा नाही. म्हणायचा, "शिळं नको."

खांब म्हणजे क्लबचा पुढच्या फळीतला खेळाडू. उंच, सरळ, आणि पायरीवाल्यांच्या मते जमिनीत पुरलेला. लीग अर्ध्यावर आली तरी त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. पायरीवाल्यांनी त्याच्यावर एक गाणंच बसवलं होतं:

"हल रे खांबा, हल हल हल! पायापाशी आला बॉल!"

हे गाणं सुरू करायचं काम अर्थातच भोंग्याचं. आणि खांब हा भोंग्याचा सख्खा जावई.

शनिवारी दुपारी भिंतीवर उभं राहून "अरे खांबा, मेलास का?" म्हणून दीड हजार माणसांना चेव आणायचा, आणि संध्याकाळी जेवायला बसल्यावर "जावईबापू, अजून थोडं घ्या ना, तुम्ही काहीच घेत नाही," म्हणून वाढायचं, असा भोंग्याचा दुहेरी संसार होता. खांबही मोठ्या मनाचा. "घेतो, मामा," एवढंच म्हणायचा. लेक मात्र वाढताना बापाच्या ताटात पळी आपटायची.

लेक-जावई वरच्याच मजल्यावर राहत. खालून "चहा झालाय गं" म्हटलं की लेक जिन्यावरून उतरायची. लेक हाकेच्या अंतरावर असावी असं प्रत्येक बापाला वाटतं. भोंग्याच्या हाकेचं अंतर तसं पुष्कळच होतं, पण त्यालाही काही हद्द होतीच.

ती हद्द त्या सोमवारी कळली. लेक खाली आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, कोच ह्यांना म्हणालाय, बुधवारच्या सामन्यात तुला पहिली वीस मिनिटं खेळवतो. गोल मारलास तर रविवारी संघात. नाही मारलास तर क्लब सोडायचा."

"सोडून कुठे जाणार?"

"एका क्लबने विचारलंय. गाडीने दोन दिवस लागतात."

"एकटेच जातील की—"

"बाबा!"

भोंग्याची बायको भांडी पुसत होती. ती एकच पेला बराच वेळ पुसत राहिली.

"आणि हे कुणाला सांगू नका," लेक म्हणाली. "पायऱ्यांवर तर अजिबात नको. त्यांना दया नकोय."

"मी कशाला सांगतोय?" भोंगा म्हणाला, आणि हे तो जितक्या हळू बोलला तितकं आयुष्यात कधी बोलला नव्हता. तरी खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केल्याचं कळलं.

आता हा बुधवारचा सामना म्हणजे काय, ते सांगायला हवं. परदेशातला एक बडा क्लब दौऱ्यावर निघाला होता. टीव्हीवर रोज दिसणारा, पिवळ्या शर्टाचा, ज्याच्या खेळाडूंचे केस कसे कापलेत यावर न्हाव्यांची दुकानं चालतात, असा. त्यांना मधे एक बुधवार मोकळा होता आणि आपल्या क्लबच्या मालकांना स्टेडियम भरलेलं बघायची हौस होती. लागला मैत्रीचा सामना. इकडे आपला क्लब लीगमध्ये तळापासून दुसरा, आणि रविवारी गाठ होती नेमकी तळाच्या क्लबाशी. जो हरेल तो बुडाला.

पायरीवाल्यांची बैठक भोंग्याच्या वर्कशॉपमध्ये भरली. तिथे एका जुन्या हॉटेलातून काढून आणलेली लिफ्टची लाकडी केबिन आहे: जाळीचं सरकतं दार, आत आरसा, बसायला फळी. पितळी पाटीवर "सहा माणसे" असं लिहिलंय. बैठकीला अकरा होते.

"मैत्री म्हणे! बुधवारी मैत्री करायची आणि रविवारी लंगडत लीग खेळायची?"

"कुणाचा पाय मुरगळला तर ते पिवळे येणार आहेत का आपल्यातर्फे खेळायला?"

"अख्खं गाव पिवळं झालंय रे. काल माझ्या डेंटिस्टने तो शर्ट घातलेला. माझ्या तोंडात त्याचं यंत्र, मी बोलणार काय डोंबल!"

"माझ्या मेहुण्याने घेतलाय," भोंगा म्हणाला. "मागे त्यांच्या हिरोचं नाव. मी विचारलं, तो काय तुझ्या लग्नाला आला होता?"

"जायचंच नाही," बेकरीवाला म्हणाला.

"थांबा जरा," ब्रेक म्हणाला. "आपण गेलो नाही तर पायऱ्यांवर पण पिवळे येऊन बसतील. एकदा बसले की उठायचे नाहीत. जायचं. पण बघायचं नाही."

हे वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की केबिन हलली. ठरलं असं: पहिली पंधरा मिनिटं अख्ख्या पायऱ्यांनी मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं. गाणं नाही, टाळी नाही, हूं की चूं नाही. मालकांना कळू दे.

भोंग्याने बोटांवर हिशेब केला. जावयाची वीस मिनिटं, त्यातली पंधरा ही अशी सुतकासारखी जाणार. त्याने मनात ठरवलं होतं, बुधवारी असं ओरडायचं की खांबाचे पाय आपोआप हलले पाहिजेत.

"शेवटची पंधरा करू या का?" त्याने सुचवून पाहिलं.

"शेवटी? तोवर सहा गोल खाल्लेले असतील. लोक म्हणतील, लाजेने फिरले."

"मग मधली—"

"तुला झालंय काय, भोंग्या? घसा बसलाय का?"

भोंगा आरशात बघत राहिला. आरशात अकरा तोंडं होती आणि त्यातलं एक खोटं दिसत होतं. मग त्याने मान डोलावली.

बुधवारी स्टेडियम खच्चून भरलं. समोरचा छपराचा स्टँड मोहरीच्या शेतासारखा पिवळा. त्यातच खेळाडूंच्या घरच्यांच्या खुर्च्या; तिथे भोंग्याची बायको, लेक आणि त्यांच्या मधोमध मेहुणा. जांभळ्या शर्टाच्या खेळाडूच्या पासवर आत आलेला आणि पिवळा शर्ट घालून बसलेला. भोंगा भिंतीवर चढला तसा मेहुण्याने लांबून हात हलवला. भोंग्यानेही हलवला, पण मूठ आवळून.

शिट्टी वाजली. पायरीवाले एका दमात गर्रकन फिरले. काम चोख झालं. आणि भोंग्यासमोर दीड हजार तोंडांच्या जागी दीड हजार टाळकी आली.

तो भिंतीवर उभा राहिला. आता कुणाकडे बघायचं? वीस वर्षांत त्याला बेकरीवाल्याचं टक्कल माहीत नव्हतं, ते आज दिसलं. टाळक्यावरून काहीच वाचता येईना. तेवढ्यात ब्रेकने मान न वळवता हाताने खुणावलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, तू खाली काय करतोयस? आम्ही सगळे इकडे बघतोय. वर ये!"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ठरवणारे अकरा, त्यात एकही खुळा नव्हता. पण भोंगा हा आपल्या तोंडासमोर असतो, हे इतकं अंगवळणी पडलेलं, की आपण फिरल्यावर त्याचं काय करायचं हा प्रश्न पडायला त्यांना प्रत्यक्ष फिरावं लागलं. भोंगा माणसांतून वाट काढत, ब्रेक आणि बेकरीवाल्याला मागोमाग घेऊन, सगळ्या पायऱ्या चढून अगदी वर गेला, मागच्या भिंतीला टेकला आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. आणि लोकांच्या डोक्यांवरून त्याला मैदान दिसलं.

"मग मी पण फिरू का?" त्याने विचारलं.

"तू फिरलास तर आम्हाला आवरणार कोण? घड्याळ कोण बघणार? तू आमच्याकडेच बघ. मैदानाकडे बघू नकोस."

"दोन्ही एकाच दिशेला आहेत, लेका."

"मग डोळे आखूड ठेव!"

डोळे आखूड कसे ठेवतात ते भोंग्याला माहीत नव्हतं. त्याने खूप प्रयत्न केला. बेकरीवाल्याच्या नाकावर नजर खिळवली. पण नाकाच्या मागे एवढं मोठं हिरवंगार मैदान पसरलेलं, आणि त्यावर त्याचा जावई पळत होता.

पळत होता! भोंग्याला आधी वाटलं, दुसरा कुणीतरी आहे. पण ती उंची, ते कोपर बाहेर काढून धावणं खांबाचंच. इकडून तिकडे, तिकडून परत. बॉल त्याच्याकडे कुणी देत नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण गडी घामाने निथळत होता. समोरच्या तोंडांनी ही गोष्ट भोंग्याला आजवर कधी सांगितलीच नव्हती. हल रे खांबा! आणि हा तर नुसता हलतच होता बिचारा.

इकडे पायऱ्यांवर वेगळीच मौज सुरू झाली. मैदान मागे, समोर एकच तोंड. मग लोक काय करणार? ते भोंग्याचं तोंड बघू लागले. त्याचे डोळे डावीकडे गेले की दीड हजार डोकी किंचित डावीकडे. तो दचकला की पायऱ्या दचकत.

"काय झालं? काय झालं?" बेकरीवाल्याने ओठ न हलवता विचारलं.

"काही नाही."

"मग डोळे मिटलेस का?"

"त्यांचा बॉल खांबाला लागला."

"खांबाला?"

"गोलच्या खांबाला! गप्प बस, ठरलंय ना!"

ब्रेक मनगटावरचं घड्याळ उंच धरून उभा होता. निम्मा वेळ सरला असेल नसेल, आपल्या क्लबला कॉर्नर मिळाला. भोंग्याच्या भुवया वर गेल्या. पायऱ्यांच्या भुवया वर गेल्या.

नेमकं त्याच वेळी पाहुण्यांचा हिरो राखीव बाकावरून उठला आणि मैदानाच्या कडेला उड्या मारत अंग मोकळं करू लागला. समोरचा अख्खा पिवळा स्टँड उभा राहिला; सगळ्यांचे मोबाइल त्याच्याकडे. टीव्हीचा कॅमेरा त्याच्याकडे. क्लबचा फोटोवाला गुडघ्यावर बसून त्याच्याकडे. लाउडस्पीकरवाला कधीपासून पाठ केलेलं त्याचं स्वागत घडाघडा म्हणू लागला. आपला कोच पाहुण्या कोचपाशी जाऊन आपल्या मुलीसाठी एका शर्टावर सही घेत होता. गर्दी दोन भागांत वाटली गेली होती: अर्ध्यांनी पाठ फिरवलेली आणि उरलेल्या अर्ध्यांनी मान.

आणि कॉर्नर मारला गेला. बॉल हवेत वळत आला. पाहुण्यांचा गोलकीपर झेपावला, दोन्ही मुठींनी त्याने बॉल जोरात बाहेर ढकलला. त्याच क्षणी खांब गोलपासून चार पावलांवर, गोलकडे पाठ करून, वाकून मोजा वर ओढत होता. बॉल त्याच्या बसायच्या जागेवर आदळला, उडाला, गोलकीपरच्या डोक्यावरून सावकाश गेला आणि जाळीत पडला. खांबाने दचकून मागे वळून पाहिलं, कोणी लाथ मारली म्हणून.

भोंग्याने वीस वर्षांत पाहिलेला हा पहिला गोल.

त्याचं तोंड उघडलं. ते उघडलेलं तोंड दीड हजार माणसांनी पाहिलं आणि सगळ्यांच्या माना पुढे आल्या, कारण ते तोंड उघडलं आणि आवाज आला नाही, असं कधी घडलंच नव्हतं. भोंग्याने गळ्यातला जांभळा मफलर काढून तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"गोल?" ब्रेक.

भोंग्याने मान डोलावली.

"त्यांचा?"

आडवी मान.

"आपला? कुणाचा?"

भोंग्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. कुणाला कळेना. मग दोन्ही हात अंगाला चिकटवून तो ताठ उभा राहिला. खांबासारखा.

पायऱ्यांवरून एक चित्कार वर येऊन दातांमागे अडकला. माणसं एकमेकांचे दंड धरून थरथरायला लागली. बेकरीवाला अर्धा वळलाच होता. ब्रेकने त्याचा कान पकडला. "थांब जरा! शब्द म्हणजे शब्द!" आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी या लोकांना हात जोडावेत. क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट पाठीमागच्या फलकावर लागलेली असताना हे लोक घड्याळाचा काटा फिरेपर्यंत तोंडात मफलर कोंबलेल्या एका लिफ्टवाल्याकडे बघत उभे राहिले. एकही वळला नाही.

वेळ संपली. सगळे फिरले, आणि भोंगा पुन्हा खाली आपल्या भिंतीवर गेला. फलकावर एक–शून्य. आकाश फाटेल असा जयजयकार झाला. तो ऐकून समोरच्या स्टँडमधले बरेच जण एकमेकांना विचारायला लागले, "का ओरडतायत? अरे, गोल झाला वाटतं!" मग हिरो मैदानात उतरला आणि पाचच मिनिटांत एक–एक झालं. पुढे एक–दोन, एक–तीन. सामना संपला तेव्हा एक–पाच होतं. पण त्या पाचांचं पायरीवाल्यांना काही सुखदुःख नव्हतं. ते सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

"सांग ना," सगळे भोंग्याभोवती. "कसा मारला? उजव्याने की डाव्याने?"

"हेडर असणार. त्याची उंची बघ."

"कात्री मारली काय रे? बोल की, बाबा!"

भोंगा काही बोलायच्या आत कुंपणापलीकडून कोच आला. मान खाली, हातात सही केलेला शर्ट.

"तुम्ही पाहिला म्हणे," कोच म्हणाला. "माझं जरा... लक्ष नव्हतं. रेफरीला विचारलं तर तो म्हणतो, गोल झाला एवढं सांगायचं माझं काम. टीव्हीवाल्यांकडे हिरोच्या उड्या आहेत. पोरांना विचारावं तर ती एकमेकांसाठी काहीही सांगतील. आणि खांब म्हणतो, हेडर मारला."

"हेडर! मी म्हटलं नव्हतं?" कुणीतरी ओरडलं.

"तुम्ही त्याचे सासरे आहात, हे मला माहीत आहे," कोच म्हणाला. "तरी विचारतोय. कसा झाला गोल?"

भोंग्याने समोरच्या स्टँडकडे पाहिलं. लेक रेलिंगला धरून उभी होती. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण ती कशी उभी आहे ते बापाला दिसत होतं. हेडर. तीन अक्षरं. म्हटलं की लेक वरच्या मजल्यावर, चहाच्या हाकेला खाली. कुणाचं काय जाणार होतं? आणि जावई तर स्वतःच म्हणून बसला होता.

त्याने तोंड उघडलं. "हे" इथपर्यंत आलाही. पण त्या शब्दापाशी तो अडला. हा काही सच्चेपणा वगैरे नव्हे. लिफ्ट दोन दिवसांत सुरू करतो म्हणून आठवडा लावणाऱ्या माणसाला कोणी हरिश्चंद्र म्हणणार नाही. गोष्ट एवढीच की वीस वर्षांत डोळ्यांनी पाहिलेला एकच गोल त्याच्याकडे होता. तो त्याला जसाच्या तसा दिसत होता: ती मूठ, तो वाकलेला जावई, तो सावकाश जाणारा बॉल. तो टाकून देऊन त्याच्या जागी न पाहिलेला हेडर ठेवायचा, याला त्याचा जीवच होईना.

"ढुंगणाला लागून गेला," भोंगा म्हणाला. हळूच म्हणाला. म्हणजे सगळ्या पायऱ्यांना ऐकू गेलं.

"काय?"

"वाकून मोजा ओढत होते. त्यांच्या गोलकीपरने बॉल ढकलला तो येऊन बसला, आणि गेला आत. जावईबापूंना कळलंसुद्धा नाही. मागे वळून बघत होते, कुणी लाथ मारली म्हणून."

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही ते कोचच्या तोंडावरून ठरणार होतं.

"मोजा ओढताना उभा कुठे होता?" कोचने विचारलं.

"अं? गोलसमोर. चार पावलांवर. त्यांच्या गोलकीपरच्या बरोबर पुढ्यात."

"कॉर्नरला गोलकीपरच्या पुढ्यात?"

"हो. त्याला हलायलाच जागा नव्हती, म्हणून तर त्याने मुठी मारल्या."

कोच खाली बसला. खरंच बसला, त्या बुटक्या भिंतीवर. "सीझन सुरू झाल्यापासून घसा फोडून सांगतोय मी त्याला," तो म्हणाला, "की बाबा, तू पळू नकोस! कॉर्नर असला की गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन नुसता उभा राहा. तुझी उंची बघून त्याला बॉल दिसणार नाही. पण नाही! आपले पळतायत मैदानभर. पायऱ्यांवरचे 'हल हल' ओरडतात ना, म्हणून."

दीड हजार माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली.

"हेडर म्हणाला असतात तर पाठवूनच दिला असता," कोच उठत म्हणाला. "हेडर त्याला सरावातही जमत नाही. रविवारी खेळेल तो. आणि तुम्ही ते गाणं बदला."

संध्याकाळी भोंगा शीळ घालत घरी आला. वाटेत त्याला वाटलं होतं, दारात लेक गळ्यात पडेल. दारात लेक होती, पण हात कमरेवर.

"बाबा, तुम्हाला आयुष्यात एकदा गप्प बसता येत नाही का?"

"अगं, राहिले ना ते संघात!"

"राहिले! गावभर काय झालंय माहितीय? मामाने तर मला येताना मोबाइलवर वाचून दाखवलं. बेकरीवाल्याने केकवर काढलंय."

"काय काढलंय?"

"ते मी सांगणार नाही."

बायको आतून म्हणाली, "अहो, हेडर म्हणाला असतात तर जीभ झडली असती का?"

"अगं, हेडर म्हटलं असतं तर ही पोरगी आज सामान बांधत बसली असती! कोच स्वतः म्हणाला."

खांब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. हातात बशी, बशीत चहा, चहावर साय. घरी आल्यापासून तो कुणाशीही शब्द बोलला नव्हता.

"जावईबापू," भोंगा अजिजीने म्हणाला, "रागावलात?"

खांब बशीतल्या सायीकडे बघत राहिला.

"मी पाहिलं तसं सांगितलं हो. फार सुंदर गोल होता. तुमचा अपमान होईल असं त्यात काही नव्हतं."

"काय सुंदर होतं त्यात?" लेक फणकारली. "दाखवा बघू आम्हाला. आम्ही तर त्या हिरोच्या उड्याच बघत बसलो होतो, मामाने मोबाइल नाकासमोर धरलेला."

एवढं म्हणायचा अवकाश, भोंग्याने टेबल भिंतीला सरकवलं. दार म्हणजे गोल. बायकोला ओढून दारात गोलकीपर म्हणून उभं केलं, लेकीच्या हातात उशी दिली. "हा बॉल. तू कॉर्नरवरून टाक. अगं, तू मुठी अशा कर. हां. आणि मी जावईबापू. मी इथे उभा आहे, गोलकडे पाठ. बॉल हवेत. आणि मी हा असा वाकतो, डावा मोजा धरतो—"

उशी आली, बायकोने हसत हसत मुठी मारल्या, ती भोंग्याच्या बरोबर बसायच्या जागी आपटली आणि बायकोच्या डोक्यावरून दाराबाहेर जिन्यात जाऊन पडली. लेकीने तोंडावर हात ठेवला, पण खांदे आवरेनात.

खांबाने बशी खाली ठेवली.

"मामा," तो म्हणाला, "डावा नाही. उजवा मोजा होता."